पाचव्या ओळीवरचा चिमटा

माझ्या थोरल्या भावासाठी मी सहा कागद तयार केले. प्रत्येक कागदावर सायकलने जाण्याचा एक रस्ता होता. पाच कागद बरोबर होते.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. चोपडा तालुक्यात तो लाईनमन होता. खांबावर चढणे, तुटलेल्या तारा जोडणे आणि त्यासाठी सायकलवरून शिवारे पालथी घालणे, यात त्याची सगळी नोकरी गेली. त्याला मूलबाळ नव्हते. वहिनी गेल्यावर तो आमच्याकडे जळगावला, पिंप्राळ्यात, राहायला आला. सोबत एक पत्र्याची पेटी आणि काळी सायकल होती. मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करत होतो. काम दुपारी चारला सुरू होई, त्यामुळे सकाळ मोकळी असे.

त्याला रस्ता विचारताना मी कधी पाहिले नव्हते. धुळ्याला मी पहिल्या नोकरीला लागलो, तेव्हा तो आठवडाभरात मला भेटायला आला होता. चोपड्याहून अमळनेरमार्गे, सायकलवर, कॅरिअरला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधून. एवढा रस्ता कोणाला विचारत आलास, असे मी म्हटले, तर त्याला हसू आले.

"रस्ता काय इचारना? लाईन धरीसन ऊनू."

म्हणजे विजेच्या तारा नजरेसमोर ठेवून आला होता.

पिंप्राळ्यात आल्यावर दुसऱ्या वर्षी तो एका सकाळी दूध आणायला गेला आणि दीड तासाने शेजाऱ्यांबरोबर परत आला. दुधाचे दुकान दोन गल्ल्या पलीकडे आहे. "बठ्ठा खांब बदली टाकात यास्नी," एवढेच तो म्हणाला. त्या महिन्यात रस्ता रुंद करण्यासाठी आमच्या भागातले काही खांब खरोखरच हलवले होते. त्यामुळे आम्ही ते मनावर घेतले नाही. मनावर घेतले ते चौथ्या वेळी.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचे नाव सांगितले आणि दोन सूचना दिल्या. जी सवय शाबूत आहे ती जमेल तितके दिवस मोडू नका, ही पहिली. त्यांना एकटे बाहेर सोडू नका, ही दुसरी. भावाची शाबूत असलेली सवय एकच होती, सकाळी सायकल काढून एकट्याने लांब जाण्याची.

"सायकल सोडीसन दुसरं काय येस माले?" तो म्हणाला.

माझी पत्नी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "अहो, त्यांना काय दोरीने बांधून ठेवणार आहात? जाऊ द्या. फक्त कुठे जातात ते आपल्याला ठाऊक असू द्या."

आधी मी त्याला फोन दिला. त्यात रस्ता बोलून दाखवणारा नकाशा होता. पहिल्याच दिवशी भाऊ कोपऱ्यावरून परत आला आणि फोन माझ्या हातात ठेवला.

"हाई बाई कोन शे? मी इतला साल तारेस्वर काम करं, आनि हाई माले डावं-उजवं शिकाडस!"

मग कागदांचे सुचले. इंटरनेटवर नकाशाच्या काही मोफत साइट आहेत. त्यावर मोटार, पायी आणि सायकल अशी चिन्हे असतात. सायकल निवडायची, घरावर एक टिंब ठेवायचे, जिथे जायचे तिथे दुसरे. मधली रेषा आपोआप रस्त्याला चिकटते. ती आवडली नाही तर बोटाने ओढून दुसऱ्या रस्त्यावर नेता येते. खाली चढ-उताराचा आलेख उमटतो. आमच्याकडचा आलेख बहुतेक सपाट, गिरणेच्या पात्राजवळ जरासा खचलेला. शेवटी वळणांची यादी मिळते आणि सगळे छापता येते.

जळगावच्या बाबतीत या साइट भरवशाच्या नव्हत्या. गावांची नावे इंग्रजीत, ज्याने भरली त्याच्या मनाप्रमाणे. पाटाची वाट पक्का रस्ता म्हणून दाखवलेली, बांधावरची पायवाट सायकलचा मार्ग म्हणून. डेस्कवर आमचा नियम होता, दुजोरा मिळाल्याशिवाय छापायचे नाही. म्हणून मी प्रत्येक मार्ग आधी स्कूटरवरून तपासत असे आणि मगच यादी मराठीत करत असे.

पहिली यादी भावाला वाचून दाखवली. त्यात मी पेट्रोल पंप, दवाखाना, रंगीत कमान अशा खुणा लिहिल्या होत्या. त्याने मान हलवली.

"पंप काय लिखस? दुकानं आज शेतस, उद्या नही. डीपी लिख. डीपी कोठे जात नही."

डीपी म्हणजे खांबांवर बसवलेला विजेचा ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडे प्रत्येक वस्तीला आणि दर चार-सहा शेतांना एक असतो. त्याचे म्हणणे मला पटले. मी पुन्हा स्कूटर काढली, डीपी आणि खांब मोजले आणि यादी बदलली. 'दुकानापाशी वळा'च्या जागी 'डीपीला डावीकडे' आले.

कागद टिकावा म्हणून चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घेतला. दुकानदाराने मोठी अक्षरे पाहिली आणि विचारले, "काय भाऊ, या वयात परीक्षा?"

"आधी तुनी लाईन कापस, मंग परीक्षा देस," भाऊ म्हणाला. दुकानदाराने तेव्हापासून त्याच्याकडून लॅमिनेशनचे पैसे घेतले नाहीत आणि तो त्याला मास्तर म्हणायला लागला.

चिमट्याची कल्पना माझ्या पत्नीची. कागद सायकलच्या हँडलला टांगलेला असे. कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा त्याच्या कडेला लावायचा. एक वळण झाले की थांबायचे आणि चिमटा एक ओळ खाली सरकवायचा. म्हणजे आपण कुठल्या ओळीवर आहोत हे लक्षात ठेवावे लागत नाही. भावाला हे आवडले. खांबावर चढण्यापूर्वी तोही अशीच एक-एक गोष्ट तपासत असे, म्हणाला.

पहिला कागद सावखेड्याच्या रस्त्याने गिरणेपर्यंतचा होता. पुढच्या बाजूला जाण्याच्या ओळी, मागच्या बाजूला येण्याच्या. जाताना जे डावे ते येताना उजवे, म्हणून परतीची यादी वेगळी लिहावी लागते. भाऊ नदीपर्यंत जाई, कागद उलटा करी, चिमटा पहिल्या ओळीवर लावी आणि घरी येई. पहिले काही दिवस मी अंतर ठेवून स्कूटरवर मागे गेलो. एकदा त्याने मागे वळून मला ओळखले.

"बापू, मना मांगे काय फिरस? पेपर कोन काढी तुना?"

घरात मला बापू म्हणतात. त्या दिवसानंतर मी मागे गेलो नाही.

दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा कागद झाला. सगळे छोटे, तासा-दीड तासाचे. पावसाळा आणि हिवाळा असा गेला. तो वेळेवर परत येई, फाटकाशी घंटी वाजवी आणि सायकल भिंतीला लावून म्हणे, "लाईन चालू." त्या काळात तो माझ्या पत्नीला दोनदा स्वतःची बायको, म्हणजे माझी वहिनी, समजला, आणि आईचे नाव त्याला एका सकाळी आठवले नाही. कागदावर मात्र तो एकदाही चुकला नाही.

उन्हाळा सुरू होताना त्याने विदगावच्या पुलाचे नाव काढले. चोपड्याच्या रस्त्यावर तापी ओलांडायला हा पूल आहे. नदीवरून गेलेली तार त्याला पाहायची होती. तरुणपणी ती ओढायला तो होता. तिथपर्यंतचे अंतर आधीच्या कागदांपेक्षा बरेच जास्त होते. पण त्याने आधी कधी काही मागितले नव्हते.

मी तीन सकाळी त्या कागदावर घालवल्या. शहराची गर्दी टाळून रेषा ओढली, उड्डाणपुलावरून रेल्वे ओलांडली, पुढे विदगावचा रस्ता धरला. चौदा ओळी झाल्या. साइटवरून नकाशाही छापून पाहिला. तो फार चांगला आला. वर तापी निळी, डाव्या अंगाला गिरणा, मधून आपली लाल रेषा. मी तो कागदाच्या मागच्या बाजूला घेतला आणि त्याखाली आमचा फोन नंबर टाकला.

परतीच्या चौदा ओळींना जागा उरली नाही. अक्षर लहान केले तर त्याला दिसले नसते. दुसरा कागद जोडला तर दोन्हींत गोंधळ झाला असता. डेस्कवर बातमी जागेत बसत नसेल तर ती खालून कापतात. महत्त्वाचे वर असते, खालचे गेले तरी चालते. हे काम मी अनेक वर्षे रोज केले होते आणि त्यासाठी विचार करावा लागत नसे. मी परतीच्या चौदा ओळी काढल्या आणि पंधरावी ओळ लिहिली, 'परत याच मार्गाने.'

नकाशा काढला असता तरी चालले असते. भाऊ नकाशा वाचत नव्हता. तो मला आवडला होता.

त्या दिवशी तो साडेपाचला निघाला. दहापर्यंत यायला हवा होता. अकराला पत्नीने पोळ्या झाकून ठेवल्या. बाराला मी स्कूटर काढली आणि सगळा मार्ग धरून पुलापर्यंत गेलो. अलीकडच्या टोकाला चहाची एक टपरी आहे, ती फक्त सकाळी चालते. बंद होती. पुलावर कोणी नव्हते. मी खाली पात्रात पाहिले. मग परत फिरलो आणि दोन्ही बाजूंचे फाटे पाहत राहिलो.

दोनच्या सुमारास फोन आला. केळी कापणाऱ्या मजुरांपैकी एक जण बोलत होता.

"साहेब, एक बाबा शेतस आठे. सायकलले कागद शे, त्यावर तुमचा नंबर. पाणी पाजलं. पण उठत नाहीत."

ती जागा पुलापासून फार दूर नव्हती. मुख्य रस्ता सोडून आत, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्ये गाडीवाट. भाऊ बांधावरच्या बाभळीखाली बसला होता. समोर डीपी. सायकल डीपीच्या खांबाला टेकवलेली. चेहरा लाल झाला होता आणि ओठ सुकले होते. मला पाहून तो उभा राहिला.

"बापू, पूल कोठे शे रे? कवाचा देखी ऱ्हायनू."

"पूल तिकडे, पुढे आहे भाऊ. तापीवर."

"तो नही. चढाना पूल."

मजूर ट्रकपाशी उभे होते. त्यातला एक हसून म्हणाला, "बाबा सकाळपासून शेतात पूल शोधताहेत. आम्ही म्हटलं, बाबा, इथं रस्ता नाही धड, पूल कुठून येणार?" दुसऱ्याने त्याला गप्प केले आणि सायकल टेम्पोत चढवायला मदत केली. टेम्पो मी विदगावातून भाड्याने आणला होता. कागद हँडलला होता. चिमटा पाचव्या ओळीवर. पाचवी ओळ घराजवळच्या उड्डाणपुलाची होती. भाऊ तर त्याच्या किती तरी पुढे येऊन पोहोचला होता. चिमटा सरकला असेल, असे मी समजलो.

डॉक्टरांना मी सांगितले की तो तापीपर्यंत पोहोचला नाही, वाटेत भरकटला आणि केळीच्या बागेत पूल शोधत होता. त्यांनी ते लिहून घेतले. आता सायकल बंद, असे ते म्हणाले. मी घरी येऊन खिडकीच्या गजाला साखळी घातली आणि सायकल कुलूपबंद केली. भाऊ खाटेवर बसून पाहत होता.

"मी चुकनू का?"

"हो भाऊ. थोडं चुकलं."

लाईनमन चुकीच्या खांबावर चढला तर काय होते, हे तो नव्याने लागलेल्यांना सांगत असे. आपण एकदाही चुकीच्या खांबावर चढलो नाही, हे त्याने मला आयुष्यात अनेकदा सांगितले होते. बढाई अशी ती एकच.

तीन आठवड्यांनी मला कामानिमित्त चोपड्याला जावे लागले. सकाळी निघालो होतो, पुलाअलीकडची टपरी उघडी होती. मी थांबलो. टपरी चालवणाऱ्या बाईंनी स्कूटरला टांगलेली आमच्या दैनिकाची पिशवी पाहिली आणि विचारले, "दादा, जळगावचे का? एक भाऊ आले होते सायकलवर, कागद लटकवलेला. लाईनमन होते म्हणे. बरे आहेत ना?"

ते इथे आले होते का, असे मी विचारले.

"आले होते ना. पुलावर जाऊन आले, तार दाखवली मला. चहा घेतला. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, चला, आता याच मार्गाने परत. आणि निघाले भलतीकडे. मी ओरडले, भाऊ, जळगाव तिकडे नाही, इकडे! तर म्हणतात कसे, मना भाऊनी लिखेल शे. त्याना कागद चुकत नही."

मी चोपड्याला गेलो, काम केले, परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साइट उघडली. टपरीवर टिंब ठेवले आणि सहाव्या कागदाच्या ओळी पहिल्यापासून लावत गेलो.

पहिली ओळ, फाटकातून बाहेर पडून उजवीकडे. टपरीच्या दारातून उजवीकडे. दुसरी, डीपी येईपर्यंत सरळ, डीपीला डावीकडे. रस्त्यालगत डीपी होती, मी ती येताना पाहिली होती. तिच्याशी डावीकडे गाडीवाट फुटत होती. तिसरी, पुढच्या डीपीला उजवीकडे. चौथी, पाण्याची टाकी उजव्या हाताला ठेवून सरळ. केळीला खत सोडण्याची टाकी तिथे होती. चौथ्या ओळीच्या शेवटी रेषा जिथे थांबली, तिथे बाभूळ होती आणि डीपी होती.

पाचवी ओळ अशी, 'पूल चढा.'

तो तापीपर्यंत गेला होता. चौदाही ओळी त्याने बरोबर केल्या होत्या. मग पंधरावी वाचली, परत याच मार्गाने, आणि चिमटा काढून पहिल्या ओळीवर लावला. कागदाने सांगितले ते त्याने सगळे केले. पूल नव्हता म्हणून तो थांबला. ओळ पूर्ण झाल्याशिवाय चिमटा खाली सरकवायचा नाही, हे मीच त्याला शिकवले होते. उन्हात, दुपारी दोनपर्यंत त्याने तो सरकवला नाही.

आमच्या दैनिकात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती येते. त्याच पानावर, दोन ओळींत. अशा दुरुस्त्या मी स्वतः लिहिल्या आहेत. ही मी केली नाही. डॉक्टरांना फोन केला नाही. भावाला सांगितले नाही. कारणे मी तेव्हाही स्वतःला नीट सांगितली होती. उन्हाळा आहे, आजार वाढतोच आहे, पुढचा कागद याहून वाईट ठिकाणी नेईल. ती सगळी खरी होती. त्याशिवाय एक होते. सायकलला कुलूप लागल्यापासून मला डेस्कवर घड्याळाकडे पाहावे लागत नव्हते.

सायकल बंद झाल्यावर तो लवकर उतरला. दिवसभर खाटेवर बसे. सकाळी साडेपाचला उठून साखळी हातात घेऊन पाही आणि ठेवून देई. बोलणे कमी झाले, आमची नावे मधूनमधून हरवू लागली, जेवणाची वेळ गेली. एक प्रश्न मात्र राहिला. आठवड्यातून एकदा तरी तो येई, कधी जेवताना, कधी मी कामावर निघताना, चपला घालत असताना.

"बापू, मी चुकनू का?"

खरे कळण्याआधी मी हो म्हणत होतो. कळल्यानंतर म्हणू लागलो, "ऊन फार होतं भाऊ."

तो गेला थंडीत, छातीत कफ होऊन, घरीच. तेराव्यानंतर मी पत्नीला संगणकासमोर बसवले आणि टपरीपासून डीपीपर्यंतची रेषा दाखवली. तिने ती दोनदा पाहायला मागितली.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

मी सांगितले.

"म्हणजे सात-आठ महिने," ती म्हणाली. "मला नसतं सांगितलं तरी चाललं असतं. भाऊंना सांगायचं होतं. ते सारखे विचारत होते हो."

ती उठून गेली. सायकलचे कुलूप आम्ही अजून काढलेले नाही. किल्ली कुठे ठेवली ते मला माहीत आहे.

त्याने शेवटचे विचारले ते जाण्याआधी चार दिवस, सकाळी. मी त्याला उठवून उशीला टेकवून बसवले होते आणि चमच्याने चहा पाजत होतो. त्याची बोटे गोधडीच्या काठावर चिमटीसारखी धरलेली होती. काठावरून ती थोडी खाली सरकत, थांबत. त्या सकाळी त्याने मला ओळखले होते.

"बापू, त्या दिन मी चुकनू का रे?"

घरात आम्ही दोघेच होतो. सांगायला दोन वाक्ये पुरली असती. मी म्हणालो, "चहा घे भाऊ, गार होतोय."

त्याने चहा घेतला. मग त्याने स्वतःच उत्तर दिले, मला त्रास नको अशा आवाजात.

"चुकनूच व्हसू."